व्हेईकल डायनॅमिक्सच्या ट्रेनिंगला जायचंय? आधी गाडी वजनकाट्यावर चढवा

सोलापुरातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या फॉर्म्युला किंवा बाहा टीममध्ये, म्हणजे स्पर्धेसाठी स्वतः छोटी रेसिंग गाडी नाहीतर खड्ड्यांत पळणारी बग्गी बनवणाऱ्या पोरांत, असाल तर वर्षातनं एकदा तरी ग्रुपवर तो मेसेज पडतोच की अमुक शहरात व्हेईकल डायनॅमिक्सचं, म्हणजे वळताना-ब्रेक मारताना गाडी कशी वागते या शास्त्राचं, तीन दिवसांचं ट्रेनिंग आहे, स्टुडंट डिस्काउंट आहे, कोण कोण येतंय. मग दोन दिवस नुसती चर्चा, फी बघून अर्धे गळतात, कॅप्टन म्हणतो मी जातो, आणि जो जातो तो जाडजूड फाईल आणि सर्टिफिकेट घेऊन परत येतो. सर्टिफिकेट लिंक्डइनवर चढतं आणि गाडी आहे तशीच राहते, स्किडपॅडला, म्हणजे वर्तुळात गाडी फिरवायच्या इव्हेंटला, पुढनं घसरत बाहेरच जाते. ट्रेनिंग भंगार असतं म्हणून असं होत नाही, शिकवणारे बहुतेक वेळा चांगलेच असतात. माणूस स्वतःच्या गाडीचे आकडे न घेता गेला म्हणून होतं. तिथे जे शिकवतात ते सगळं गणित आहे, आणि गणितात टाकायला तुमच्याकडे काहीच नसेल तर तीन दिवस एसीत बसून स्लाईड बघून येणार, बस्स.

आधी कुणाला पाठवायचं ते ठरवा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. फायनल इयरवाल्याला पाठवू नका. मग तो कॅप्टन असो की टीमचा सगळ्यात हुशार पोरगा असो. तो शिकून येणार, लगेच प्लेसमेंट चालू होणार, आणि जूनपर्यंत तो पुण्यात चाकणला नाहीतर बेंगळुरूला, त्याच्याबरोबर ते सगळं ज्ञानपण तिकडंच. सेकंड इयर संपवून थर्ड इयरला जाणारा सस्पेन्शनवाला पाठवा, आणि जमलं तर जोडीला डेटा किंवा इलेक्ट्रॉनिक्स बघणारी मुलगी-मुलगा कुणीतरी. एकट्याने गेलं की अर्धं डोक्यावरून जातं आणि रात्री कुणाशी वाद घालायचा हा प्रश्न असतो, दोघं असले की एकाला कळलेलं दुसऱ्याला सांगताना दोघांना कळतं. सिनिअरला वाईट वाटेल, वाटू दे.

वेळ पण बघा. फॉर्म्युला भारत जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरत आलाय, म्हणजे आपली गड्ड्याची जत्रा ऐन रंगात असताना टीम तिकडं असते, ते घरी आधीच सांगून ठेवा. जानेवारीच्या इव्हेंटसाठी डिझाईन जून-जुलैत पक्कं व्हायला पाहिजे. त्यामुळे ट्रेनिंग फेब्रुवारी ते मे या काळात झालं तरच ते नवीन गाडीत उतरणार. ऑक्टोबरमध्ये चॅसिस वेल्ड झाल्यावर गेलात तर तिथे कळेल की पिकअप पॉइंट, म्हणजे सस्पेन्शन चॅसिसला जिथे जोडतात त्या जागा, चुकलेत, आणि मग करणार काय, ग्राइंडर घेऊन बसणार? अर्थात ऑक्टोबरमध्ये जाण्यात काहीच अर्थ नाही असं नाही, टेस्टिंग आणि डेटाचा भाग तेव्हापण कामाला येतो, पण मग सस्पेन्शन जॉमेट्रीच्या तासाला फार जीवाला लावून घ्यायचं नाही.

कागदपत्रं पटकन सांगतो. एचओडींची सही असलेलं ओडीचं (ऑन ड्युटी) पत्र जायच्या आधी घ्या, आल्यावर मागितलं की अटेंडन्सची भानगड होते. स्टुडंट फीसाठी बोनाफाईड लागतं. पैसे कॉलेज देणार असेल तर रजिस्ट्रेशन करतानाच बिल कॉलेजच्या नावाने आणि जीएसटी नंबरसकट काढायला सांगा, स्वतःच्या नावावरचं बिल घेऊन गेलात की अकाउंट सेक्शनमधली मॅडम तुम्हाला महिनाभर फिरवणार आणि त्यात तिची काही चूक नाही. तिकिटं जपून ठेवा. स्पॉन्सर शोधणार असाल तर चादर-टॉवेलवाल्या शेठना मोशन रेशो समजावत बसू नका, दोन पोरांची फी आणि प्रवास एवढाच आकडा सांगा, गाडीवर नाव कुठे येईल ते दाखवा, आणि ट्रेनिंगनंतर येऊन काय शिकलो ते सांगून जा, पुढच्या वर्षी तेच शेठ स्वतःहून विचारतात. पुण्याला असेल तर हुतात्मा एक्सप्रेस आहे, वंदे भारत २०२३ पासून आहे, बेंगळुरूला असेल तर उद्यान एक्सप्रेस आहेच. फक्त पहिल्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून डायरेक्ट क्लासला पोचायचा प्लॅन करू नका, पहिल्या दिवशी पहिल्या तासाला बहुतेक टायर असतो आणि टायर चुकला तर पुढचं सगळं हवेत.

आता मुख्य काम. जायच्या आधी दोन-तीन आठवडे मागच्या वर्षीची गाडी बाहेर काढा, धूळ झटका आणि मोजायला बसा. कॅडमधला (कॉम्प्युटरवरच्या डिझाईनमधला) आकडा नको, खरा मोजलेला पाहिजे. कॅडमध्ये गाडी नेहमी हलकी असते, वायरिंग, नटबोल्ट, वेल्ड, रंग हे तिथे कुणी धरलेलंच नसतं.

वजनासाठी रेसिंगचे महागडे स्केल लागत नाहीत. घरात असतात ते बाथरूमवाले डिजिटल काटे चार गोळा करा, दीडशे किलोपर्यंत जातात, आणि ड्रायव्हरसकट स्टुडंट गाडी साधारण ३०० किलोच्या आसपास असते म्हणजे एका चाकाखाली ७५-८० किलो, आरामात बसतं. आधी एकच माणूस चारही काट्यांवर आळीपाळीने उभा करा आणि काट्याकाट्यातला फरक लिहून ठेवा. जमीन लेव्हलला पाहिजे, वर्कशॉपची फरशी दिसते सपाट पण नसते. गवंडी लोक ज्या पारदर्शक पाईपमध्ये पाणी भरून लेव्हल काढतात ती आणा, चारही चाकांच्या जागी खूण करा आणि जिथे कमी आहे तिथे पत्र्याचे तुकडे घाला. काट्यावर पॉलिश शहाबादीचे दोन तुकडे आणि मध्ये ग्रीस असं ठेवलं तर चाक बाजूला सरकून मोकळं बसतं, नाहीतर टायर अडकून राहतो आणि रीडिंग चुकतं. अँटी रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या बाजूला जोडणारा दांडा) सुटा करा, टायरमधली हवा ठरलेली ठेवा, पेट्रोल रेसला असतं तेवढं, ड्रायव्हर हेल्मेट घालून सीटवर. चार आकडे आले की पुढे-मागे किती टक्के ते काढा, आणि तिरक्या जोडीची बेरीज करा, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं, ती एकूण वजनाच्या निम्मी आली पाहिजे. पहिल्यांदा मोजाल तेव्हा येणार नाही. डावीकडे वळताना एक गाडी आणि उजवीकडे वळताना दुसरीच गाडी अशी तक्रार ड्रायव्हर करतो ना, ती इथून येते बऱ्याचदा.

मग सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीची (सीजी, म्हणजे गाडीच्या वजनाचा मध्यबिंदू) उंची. ही सगळ्यात जास्त थापा मारला जाणारा आकडा आहे, डिझाईन रिपोर्टमध्ये सगळे ३०० मिमी लिहितात. मोजायची पद्धत अशी की डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) काढून त्या जागी लोखंडी पट्टी लावा म्हणजे सस्पेन्शन हलणार नाही, टायरमध्ये हवा जास्त भरा, पुढची चाकं काट्यावर ठेवून मागची बाजू उचला आणि पुढचं वजन किती वाढलं ते बघा. वाढलेलं वजन गुणिले व्हीलबेस, त्याला भागिले एकूण वजन गुणिले उचललेल्या कोनाचा टॅन, येईल ती उंची व्हील सेंटरच्या वरची, त्यात टायरची त्रिज्या मिळवली की जमिनीपासूनची झाली. आता गंमत बघा. ३०० किलोची गाडी, १५५० मिमी व्हीलबेस, मागनं ४०० मिमी उचलली, म्हणजे कोन साधारण १५ डिग्री. टायरची त्रिज्या २३० आणि सीजी खरोखर ३०० मिमीवर असेल तर पुढचं वजन वाढणार फक्त साडेतीन किलोच्या आसपास! आणि काटा अर्धा किलो चुकला तर उंची १० मिमीने चुकते. म्हणून तीन-चार वेगवेगळ्या उंचीला उचलून मोजायचं आणि ग्राफ काढायचा, एकाच रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही. एवढं करून जो आकडा येतो त्यापुढे प्लस-मायनस किती ते पण लिहायचं. स्पर्धेत डिझाईन तपासणाऱ्या जजला ३०० ऐकून काही वाटत नाही, २९५ प्लस-मायनस १० ऐकलं की तो मान वर करून बघतो. गाडी उचलताना मागनं स्टँड लावा आणि पुढे चाकांना अडण, नुसत्या जॅकवर भरवसा नको, आणि त्या वेळी आत ड्रायव्हर नको, त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या बेल्टने बांधा.

तिसरं म्हणजे मोशन रेशो, चाक जेवढं हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग-डँपर दबतो ते. स्प्रिंग काढा, चाक ५-५ मिमीने वर उचलत जा आणि दर वेळी डँपर किती दबला ते व्हर्नियरने मोजा. कॅडमध्ये ०.८ होता आणि गाडीत ०.७४ निघाला तर दचकू नका, बेल क्रँकचं (चाकाची हालचाल डँपरकडे वळवणारा तुकडा) भोक दोन मिमी इकडं-तिकडं झालं की होतं तसं. हा आकडा गणितात वर्ग होऊन, म्हणजे स्वतःनेच गुणून, येतो म्हणून महत्त्वाचा. ३५ न्यूटन पर मिमीची स्प्रिंग आणि ०.८ रेशो असेल तर चाकाला मिळतात २२.४, आणि ०.७४ असेल तर १९ च्या थोडे वर. म्हणजे तुम्ही सेटअप शीटवर एक लिहिताय आणि गाडी दुसऱ्याच स्प्रिंगवर पळतेय.

चौथं मोजमाप बहुतेक टीम करतच नाहीत आणि माझ्या मते आपल्याकडच्या गाड्यांना सगळ्यात जास्त हेच मारतं, ते म्हणजे ढिलेपणा. स्टिअरिंग व्हील पक्कं बांधून टाका, पुढच्या रिमला दोर लावा, गॅस सिलिंडर तोलायचा तो हुकवाला काटा मध्ये घाला आणि ओढा. १० किलो, २० किलो, ३० किलो असं वाढवत जा आणि रिमच्या दोन्ही कडांना डायल गेज लावून टो, म्हणजे चाक सरळ दिशेपासून आत-बाहेर किती वळलंय तो कोन, किती बदलतो ते बघा. डायल गेज मेट्रोलॉजी लॅबमधनं सही करून मिळतं. रॉड एंडमधला प्ले, अपराईटचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) पातळ ब्रॅकेट, स्टिअरिंग रॅक ज्या पट्टीवर बसवलाय ती वाकणं, हे सगळं मिळून अर्धा-एक डिग्री सहज जाते, आणि आपण तिकडं सॉफ्टवेअरमध्ये टो शून्य पॉइंट एक डिग्रीने बदलून चर्चा करत असतो. रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) २० मिमीवर पाहिजे का ३० वर यावर चहाच्या टपरीवर तासन् तास भांडणारी टीम बघितली की मला नेहमी वाटतं, आधी त्यांच्या गाडीचं चाक धरून हलवून बघावं.

याशिवाय ट्रॅक विड्थ, व्हीलबेस, स्टॅटिक कँबर (थांबलेल्या गाडीचं चाक किती कललंय), टो, स्टिअरिंग रेशो, डँपरचे क्लिक सगळं एका कागदावर. मागच्या इव्हेंटचे टायमिंग पण काढा. स्किडपॅडचं गणित तर घरबसल्या होतं, आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर, बाहेरच्याचा २१.२५, म्हणजे मधल्या रेषेची त्रिज्या ९.१२५ मीटर. एक फेरी ६ सेकंदात मारली तर गाडीने साधारण १.०२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला बाजूचा जोर) खेचले, ५ सेकंदात मारली तर १.४७ जी. तुमची गाडी कुठे आहे ते जायच्या आधी माहीत पाहिजे.

अभ्यासाचं म्हणाल तर फार नाही. फ्री बॉडी डायग्राम, मोमेंट, थोडं ट्रिगनोमेट्री आणि एक्सेल नीट येत असेल तर चालतंय. एवढंच करून जा की वजन किती सरकतं हे गणित स्वतःच्या गाडीसाठी हाताने सोडवलेलं असू दे. एकूण वजन गुणिले जी गुणिले सीजीची उंची भागिले ट्रॅक विड्थ. ३०० किलो, दीड जी, ३०० मिमी उंची, १२०० मिमी ट्रॅक, म्हणजे ११२ किलोच्या वर वजन आतल्या चाकांवरनं बाहेरच्या चाकांवर जातं. आणि हे बघा, या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही, अँटी रोल बार पण नाही. स्प्रिंग कडक करून सरकणारं एकूण वजन कमी होत नाही, त्यातलं पुढच्या ॲक्सलने किती घ्यायचं आणि मागच्याने किती एवढंच तुमच्या हातात असतं. आणि टायरचा स्वभाव असा की त्याच्यावर लोड दुप्पट केला म्हणून ग्रिप दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा थोडी कमीच मिळते. म्हणून ज्या ॲक्सलवर जास्त वजन सरकतं तो आधी दमतो. पुढचा बार कडक केला की अंडरस्टिअर (वळणात पुढनं घसरणं) का वाढतो याचं उत्तर या दोन गोष्टींत आहे, आणि एवढं डोक्यात बसवून गेलात तर तिथला पहिला पूर्ण दिवस तुम्हाला सोपा जाईल.

टायरच्या डेटाबद्दल. टायर टेस्ट कन्सॉर्टियम म्हणून एक प्रकार आहे, २००५ पासून चालू आहे, अमेरिकेत बफेलोजवळच्या कॅलस्पॅनच्या मशीनवर स्टुडंट गाड्यांचे टायर टेस्ट करतात आणि फी भरून मेंबर झालेल्या टीमला डेटा मिळतो. तुमच्या टीमने कधीकाळी घेतलाय का ते जुन्या सिनिअरला विचारा, बऱ्याचदा घेतलेला असतो आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. दुसऱ्या कॉलेजकडून पेनड्राइव्हवर मागू नका, तो वाटायचा नाही असं मान्य करूनच त्यांनी घेतलेला असतो. आणि त्या डेटात साईन (प्लस-मायनसच्या दिशा) एसएई या अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संस्थेच्या पद्धतीचे असतात, म्हणजे उभा झेड अक्ष खाली. आपण शिकलेलं झेड वर. ट्रेनिंगमध्ये शिकवणारा कुठली पद्धत वापरतोय ते पहिल्याच तासाला विचारून घ्या, तसंच मोशन रेशो म्हणताना तो स्प्रिंग भागिले चाक म्हणतोय का चाक भागिले स्प्रिंग, दोन्ही चालू आहेत जगात आणि उलटा धरला की वर्ग करून सगळा सत्यानाश. अजून एक, ते मशीन सँडपेपरसारख्या खरखरीत पट्ट्यावर टायर फिरवतं, आपल्या डांबरावर तेवढी ग्रिप कधीच मिळत नाही. म्हणून मघाचा स्किडपॅडचा आकडा घेऊन जा म्हणालो, डेटा किती खाली आणायचा ते त्यावरून ठरवता येतं.

तिथे गेल्यावर भाषेचं टेन्शन येतं काही जणांना. आपल्यातले बरेचसे सेमी इंग्लिशवाले, घरात मराठी नाहीतर तेलुगू नाहीतर कन्नड, आणि समोर परदेशी माणूस फास्ट बोलतोय. शिकवणाऱ्यांत ऑप्टिमम-जीचे क्लॉड रुएल यांच्यासारखे लोक आहेत, फॉर्म्युला एसएईचे डिझाईन जज म्हणून ओळखले जातात आणि त्यांच्या कंपनीचे सेमिनार जगभर चालतात, अशांचे इंटरनेटवरचे जुने व्हिडिओ जायच्या आधी आठवडाभर ऐका, कान तयार होतो. तिथे शब्द ठरावीक शे-दीडशेच असतात, तेच फिरून फिरून येतात. पुण्या-चेन्नईची पोरं फाडफाड बोलतात म्हणून दबू नका, त्यांच्यातल्या अर्ध्यांनी गाडी काट्यावर चढवलेली नसते.

प्रश्न विचारायचा तर आकड्यासकट. "सर आमच्या गाडीला कुठली स्प्रिंग लावू" हा प्रश्न नाही, त्याला कुणी उत्तर देणार पण नाही. "आमची गाडी ३०० किलो, मागे ५३ टक्के, पुढची राईड फ्रीक्वेन्सी ३ हर्ट्झ, वळणात शिरताना ठीक आहे पण मधोमध पुढनं सरकते, आणि पुढे टो १५ किलोला ०.२ डिग्री उघडतो, तर आधी काय बघू?" असं विचारलं की शिकवणारा खुर्ची ओढून तुमच्याजवळ येतो. हे जेवणाच्या सुट्टीत विचारा, सगळ्यांसमोर विचारायचंच असं काही नाही. वळणाचे तुकडे पाडून बोलायची सवय आधीच लावून घ्या, ब्रेक मारताना, वळणात शिरताना, मध्यावर, आणि बाहेर पडताना गॅस देताना. ड्रायव्हरला पण हेच शिकवा, "गाडी बेकार वाटते बे" यावरून सेटअप होत नसतो.

प्रत्येक स्लाईडचा फोटो काढत बसू नका, हँडआऊट मिळतातच. त्याऐवजी वही दोन भागात करा, डाव्या पानावर ते शिकवतात ते, उजव्या पानावर आपल्या गाडीचा तोच आकडा. उजवं पान रिकामं राहिलं की कळतं अजून काय मोजायचं राहिलंय. संध्याकाळी रूमवर आल्यावर दोघांनी मिळून दिवसभरातलं एक तरी गणित आपल्या आकड्यांवर एक्सेलमध्ये सोडवायचं आणि मगच फिरायला जायचं, कारण जे अडतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी विचारता येतं, सोलापूरला आल्यावर अडलं तर विचारणार कुणाला. बॅगेत कडक भाकरी आणि शेंगा चटणी असू द्या, दुसऱ्या टीमची पोरं आपोआप तुमच्या रूमवर येतील, आणि त्यांच्या डँपरचं काय बिघडलं, बेअरिंग कुठनं आणतात हे जे रात्री बोलण्यातनं कळतं ते वर्गात कळत नाही. पण एक लक्षात ठेवा, हँडआऊटवर शिकवणाऱ्याचा हक्क असतो, आल्यावर त्याची पीडीएफ ग्रुपवर टाकू नका. टीमला स्वतः फळ्यावर शिकवा.

आणि ते शिकवणं पहिल्याच आठवड्यात सुरू करा, महिना गेला की फाईल उघडली तरी काही आठवत नाही. एका दिवशी सगळं कोंबू नका, एक दिवस टायर, एक दिवस वजन सरकणं, एक दिवस डँपर असं. समोर फर्स्ट इयरची पोरं असली तर फारच उत्तम, त्यांना समजलं नाही म्हणजे तुम्हालाच समजलेलं नाही.

आल्यावर अंगात वारं भरलेलं असतं, सगळी गाडी नवीन डिझाईन करू असं वाटतं. करू नका. क्रम असा ठेवा, आधी ढिलेपणा घालवा, मग चारही चाकांचं वजन आणि अलाइनमेंट, मग टायरची हवा, मग अँटी रोल बार आणि स्प्रिंग, आणि जॉमेट्री पुढच्या गाडीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि शेवटी पुन्हा पहिल्या सेटअपवर येऊन एक रन मारायचा, कारण तोपर्यंत डांबर तापलेलं असतं, ड्रायव्हर सुधारलेला असतो, आणि टाइम कमी झाला तो तुमच्या बदलामुळे का या गोष्टींमुळे हे दुसऱ्या कुठल्या प्रकारे कळत नाही. सोलापूरच्या उन्हात तर हे फारच. १२ पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० डिग्रीने वाढलं की हवा जवळपास १ पीएसआयने वाढते, सकाळी सात वाजता भरलेली आणि अकरा वाजताची यात मोठा फरक पडतो. म्हणून प्रत्येक रनच्या आधी आणि गाडी थांबल्या थांबल्या प्रेशर लिहायचं, सोबत वेळ आणि हवेचं तापमान. एप्रिल-मेमध्ये दुपारी टेस्टिंग करूच नका, गाडीपेक्षा पोरं आधी गरम होतात.

जागा म्हणजे कॉलेजचं पार्किंग, रविवारी. प्रिन्सिपलांची लेखी परवानगी, वॉचमनकाकांना आदल्या दिवशी सांगणं, दोन फायर एक्स्टिंग्विशर, ड्रायव्हरचा सूट-हेल्मेट, आणि कडेला कुणी उभं राहणार नाही याची एका माणसावर जबाबदारी. हायवेवर किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर रात्री काढू म्हणणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो, त्याला गाडीची किल्ली देऊ नका. स्किडपॅड आखायला मध्ये खुंटी, ७.६२५ आणि १०.६२५ मीटरचे दोर आणि कबड्डीच्या मैदानाला मारतात ती फक्की. सेन्सरला पैसे नसतील तर सुरुवातीला ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), एसडी कार्ड, एक आयएमयू (जी आणि फिरणं मोजणारा सेन्सर) आणि स्टिअरिंगला पोटेन्शिओमीटर एवढ्यात भरपूर होतं. स्टिअरिंग किती वळवलं आणि जी किती मिळाले हे एका ग्राफवर आलं की अंडरस्टिअर डोळ्यांना दिसतो. डँपरचा वेग बघायचा असेल तर मात्र सेकंदाला किमान १००-२०० रीडिंग पाहिजेत, तिथे जुगाड चालत नाही.

डिझाईन इव्हेंटला हे सगळं कसं वापरायचं ते पण बघून ठेवा. एसएईच्या नियमात १००० पैकी १५० मार्क डिझाईनला आणि ६७५ ट्रॅकवरच्या इव्हेंटना आहेत, त्यातले २७५ एकट्या एन्ड्युरन्सला, जे साधारण २२ किलोमीटर असतं आणि जिथे निम्म्या गाड्यांचं काहीतरी गळतं-तुटतं. त्यामुळे जजसमोर ट्रेनिंगमधले शब्द फेकण्यापेक्षा एक कागद ठेवा, हे आम्ही गणिताने काढलं, हे मोजलं, एवढा फरक आला, आणि तो या कारणाने आला असं वाटतं. सर्टिफिकेट फाईलला लावू नका, त्याला कुणी विचारत नाही.

ऑनलाइन केलं तर चालेल का हे सगळे विचारतात. पैसे नसतील तर चालेल, रेकॉर्डिंग परत बघता येतं हा फायदाच आहे, पण मग चौघांनी मिळून लॅबमध्ये प्रोजेक्टरवर बघा, हॉस्टेलच्या कॉटवर मोबाईलवर बघून काही होत नसतंय. आणि बाहावाल्यांनो, तुम्हाला पण लागू आहे, मध्य प्रदेशात पिथमपूरला नॅट्रॅक्स या टेस्ट ट्रॅकच्या खड्ड्यांत तुमची गाडी हवेत असते तेव्हा टायरची ग्रिप राहू दे बाजूला, पण डँपर, मोशन रेशो आणि सीजीची उंची तुमच्याकडे फॉर्म्युलावाल्यांपेक्षा जास्त कामाची, वळणात दोन चाकांवर उभी राहणारी गाडी त्या उंचीमुळेच राहते. काटे तेच चार, पण मोठ्या टायरची त्रिज्या मोजताना ड्रायव्हर बसवून मोजा, रिकाम्या गाडीची नको.